हिमेजीचा किल्ला नीट पाहायचा असेल तर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात हिमेजीच्या वाट्याला बहुधा क्योटोहून हिरोशिमाला जाताना मिळणारे दोन तास येतात. तेवढ्या वेळात मंडळी धापा टाकत मुख्य मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर चढतात, तिथे ना सिंहासन ना शस्त्रागार असे पाहून हिरमुसतात आणि ‘बाहेरून सुंदर आहे, आत काही नाही’ असा निकाल देऊन गाडी पकडतात. आत फारसे काही मांडलेले नाही, हे खरेच आहे. मात्र हा किल्ला मनोऱ्यात कमी आणि मनोऱ्याकडे नेणाऱ्या वाटेत जास्त आहे, हे आधी कोणी सांगितले असते तर तीच मंडळी दरवाज्यादरवाज्यापाशी थांबली असती. ज्यांना सह्याद्रीतले गड हिंडताना तट, देवड्या आणि जंग्या (जंग्या म्हणजे भिंतीतली मारा करण्याची भोके) न्याहाळायची सवय आहे, त्यांना तर ही वाट फारच जवळची वाटेल. पुढील टप्पे त्या दृष्टीने लिहिले आहेत.

1. आधी अस्सल आणि नवा यांतला फरक समजून घ्या

जपानमध्ये किल्ले पुष्कळ दिसतात, पण त्यांतले बरेचसे विसाव्या शतकात सिमेंट-काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेले आहेत. ओसाकाचा मनोरा 1931 चा, हिरोशिमाचा 1958 चा आणि नागोयाचा 1959 चा. बाहेरून ते ऐटबाज दिसतात, पण आत बहुधा संग्रहालय आणि काही ठिकाणी लिफ्टही असते. मुख्य मनोऱ्याला जपानीत ‘तेन्शु’ म्हणतात, आणि सरंजामी काळातले मूळ लाकडी तेन्शु आज देशभरात फक्त 12 उरले आहेत. त्यांपैकी हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने, इनुयामा आणि मात्सुए या पाचांना ‘राष्ट्रीय ठेवा’ हा सर्वोच्च दर्जा आहे.

बाकीचे गेले कुठे, याचे उत्तर तीन टप्प्यांत मिळते. 1615 मध्ये तोकुगावा शोगुनशाहीने (तोकुगावा घराण्याच्या लष्करी राजवटीने) एका सरदाराने एकच किल्ला ठेवावा, असा हुकूम काढला आणि शेकडो किल्ले पाडले गेले. 1873 मध्ये, शोगुनशाही संपल्यावर आलेल्या सम्राटाच्या मेईजी सरकारने निरुपयोगी ठरवलेले किल्ले मोडीत काढले. जे त्यातूनही वाचले, त्यांतले नागोया, ओकायामा, हिरोशिमा यांच्यासारखे 1945 च्या हवाई हल्ल्यांत नष्ट झाले. हिमेजी या तिन्ही संकटांतून सुटला. शिवाय इथे नुसता तेन्शु नव्हे, तर दरवाजे, तट, मनोरे अशा ऐंशीहून अधिक संरक्षित वास्तू शाबूत आहेत. एकच जपानी किल्ला पाहण्याइतका वेळ असेल, तर हा पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

2. एवढा इतिहास वाचूनच निघा

किल्ल्यातले माहितीफलक इंग्रजीतही आहेत, पण ते त्रोटक आहेत. नावे आधी कानावरून गेलेली असली की दगड बोलू लागतात.

हिमेयामा नावाच्या लहानशा टेकडीवर चौदाव्या शतकात आकामात्सु घराण्याने पहिली तटबंदी उभारली, असे परंपरा सांगते. पुढे इथला कारभार कुरोदा घराण्याकडे होता. 1580 मध्ये कुरोदा कानबेई याने ही जागा सेनानी तोयोतोमी हिदेयोशीला देऊ केली आणि हिदेयोशीने इथे तीन मजली तेन्शु बांधला. आज जो किल्ला दिसतो तो मात्र इकेदा तेरुमासाचा. 1600 च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तिचा विजेता तोकुगावा इएयासु याने आपल्या या जावयाला 5,20,000 कोकू उत्पन्नाची जहागीर दिली. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर तांदूळ, ढोबळ मानाने एका माणसाची वर्षाची बेगमी. पश्चिमेकडचे सरदार अजून पुरते निवळलेले नव्हते आणि ओसाकात हिदेयोशीचा मुलगा हयात होता, म्हणून ओसाकाकडे येणाऱ्या वाटेवर एक जबरदस्त नाका हवा होता. 1601 ते 1609 या काळात तेरुमासाने तो उभा केला.

तेरुमासानंतर होंदा घराणे आले आणि 1618 च्या सुमारास त्यांनी पश्चिमेकडचा ‘निशिनोमारु’ हा भाग वाढवला. 1749 पासून साकाई घराणे इथे नांदले. एवढी तयारी केलेल्या या किल्ल्यावर मोठी लढाई कधी झालीच नाही. 1868 मध्ये सम्राटाच्या बाजूच्या फौजांनी वेढा घातला तेव्हाही प्रकरण शरणागतीवर मिटले, आणि वेढा घालणाऱ्यांत तेरुमासाच्याच घराण्यातल्या ओकायामाच्या सरदाराचे सैन्य होते, हा इतिहासाचा टोमणाच म्हणायचा.

मेईजी काळात किल्ला लिलावात अवघ्या 23 येनच्या आसपास विकला गेला, पण पाडण्याचा खर्चच परवडेना म्हणून घेणाऱ्याने नाद सोडला, अशी हकिकत सांगितली जाते. 1878 मध्ये लष्करातील कर्नल नाकामुरा शिगेतो यांनी हिमेजी आणि नागोया जतन करावेत, असा आग्रह वरिष्ठांकडे धरला. त्यांच्या स्मरणाचा शिलालेख हिशी दरवाज्याच्या आत आहे. बहुतेक लोक तो न पाहताच पुढे जातात. 3 जुलै 1945 च्या रात्री शहर जळाले, पण किल्ला वाचला. तेन्शुवर पडलेला आगीचा बॉम्ब फुटलाच नाही. 1956 ते 1964 या काळात तेन्शु संपूर्ण उतरवून पुन्हा बांधला गेला. छप्पर आणि गिलाव्याचे काम 2009 ते 2015 या काळात झाले. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हे नाव 1993 मध्ये आले.

3. कागदपत्रे आणि सामान

भारतीय पासपोर्टवर जपानला जाण्यासाठी व्हिसा आधीच घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात आणि ते अधिकृत अर्ज केंद्रामार्फत स्वीकारले जातात. साधारणपणे पुढील गोष्टी लागतात. निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी ताडून पाहावी.

- वैध पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि अलीकडचा फोटो
- दिवसवार प्रवासाचा तपशील, विमानाचे आणि हॉटेलांचे आरक्षण
- बँकेचे खातेउतारे आणि आयकर विवरणपत्रे
- नोकरी अथवा व्यवसायाचा पुरावा आणि प्रवासाचे कारण सांगणारे पत्र

दिवसवार तपशिलात हिमेजीचा दिवस वेगळा दाखवावा. त्यामुळे आपलेही नियोजन पक्के होते.

किल्ल्यासाठीचे सामान थोडे आहे, पण त्यात हयगय करू नये. सहज काढता-घालता येणारे बूट आणि जाड मोजे हवेत, कारण तेन्शुत आणि निशिनोमारुत बूट काढून, पिशवीत घालून, हातात घेऊन फिरावे लागते. हिवाळ्यात लाकडी जमीन बर्फासारखी गार पडते. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात. पाठीवर मोठी सॅक घेऊन त्या जिन्यांवर चढणे हा स्वतःला आणि मागच्यालाही ताप आहे. लॉकरसाठी 100 येनची नाणी जवळ असू द्यावीत. शाकाहारी मंडळींनी खाण्याची सोय बरोबर न्यावी, कारण भाजीच्या साध्या रश्शातही माशाचा अर्क असतो.

4. दिवस आणि वेळ

किल्ला सकाळी 9 वाजता उघडतो, शेवटचा प्रवेश दुपारी 4 वाजता आणि बंद होण्याची वेळ 5. डिसेंबरच्या 29 आणि 30 तारखेला तो बंद असतो, आणि नाताळच्या सुट्टीत जाणारे नेमके यातच अडकतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चेरीचा बहर असतो. ते दृश्य अप्रतिम खरे, पण तेन्शुच्या जिन्यांवर तेव्हा मुंगीच्या पावलाने सरकावे लागते आणि गर्दीच्या दिवशी प्रवेशासाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्याही वाटल्या जातात. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातल्या जपानी सुट्ट्यांतही हीच स्थिती असते. ज्यांना बांधकाम पाहायचे आहे त्यांनी नोव्हेंबर अथवा फेब्रुवारीतला कामाचा दिवस निवडावा आणि दार उघडतानाच हजर राहावे.

तिकिटाबाबत जुन्या माहितीवर विसंबू नये. पूर्वी प्रौढांना 1,000 येन पडत. 1 मार्च 2026 पासून हिमेजी शहराबाहेरच्या प्रौढांसाठी 2,500 येन दर ठरला आणि 18 वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य झाला. शेजारच्या कोकोएन बागेसह एकत्रित तिकीटही मिळते.

5. तिथे पोहोचणे

ओसाकाहून जेआरची (जपान रेल्वेची) ‘शिनकाइसोकु’ ही जलद गाडी सुमारे तासाभरात हिमेजीला नेते. क्योटोहून तिला दीड तासाच्या आसपास लागतो. शिन-ओसाकाहून शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) अर्ध्या तासाचे अंतर आहे.

इथे पासाचा एक सापळा आहे. देशभराचा जेआर पास असला तरी ‘नोझोमी’ गाडीसाठी वेगळे जादा पैसे भरावे लागतात, ‘हिकारी’ आणि ‘साकुरा’साठी लागत नाहीत. कान्साई भागाचा साधा पास हिमेजीपर्यंत चालतो, पण तो शिनकान्सेनवर चालत नाही. त्यासाठी त्याच भागाचा ‘वाइड’ पास घ्यावा लागतो. फलाटावर गाडी पकडण्याआधी हे पाहून घ्यावे, कारण जपानी तिकीट तपासनीस अत्यंत नम्रपणे पूर्ण भाडे वसूल करतात.

स्टेशनच्या उत्तर दारातून बाहेर पडले की ओतेमाए-दोरी हा रुंद रस्ता सरळ किल्ल्याकडे जातो. अंतर जेमतेम एक किलोमीटर. बस मिळते, पण चालत जावे. आपण आज जिथून चालतो ते शहरही एकेकाळी बाहेरच्या खंदकाच्या आत होते, आणि तिन्ही खंदक तेन्शुभोवती शंखासारखे वळत गेलेले होते. बाहेरचा खंदक आता बराचसा बुजला आहे.

6. दरवाज्यांची वाट: इथे घाई करू नका

तिकीट फाडून आत गेल्यावर पहिला मोठा अडसर म्हणजे हिशी दरवाजा, किल्ल्यातला सर्वांत मोठा. वर दुमजली मनोरा, काळ्या लाखेच्या चौकटी आणि सोनेरी पितळी सजावट असलेल्या घंटाकृती खिडक्या. इथून तेन्शु सरळ रेषेत सुमारे 130 मीटरवर आहे, पण प्रत्यक्ष वाट सुमारे 325 मीटरची आहे. हा फरक कुठे मुरला आहे, ते शोधत जाणे हाच खरा कार्यक्रम.

पुढच्या दरवाज्यांना ‘इ’, ‘रो’, ‘हा’, ‘नि’, ‘हो’ अशी जपानी वर्णमालेच्या जुन्या क्रमाने नावे आहेत. हा क्रम लक्षात ठेवला तर आपण कुठे आहोत ते कळत राहते. ‘रो’ दरवाज्यानंतर दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती असलेला चढ लागतो आणि तेन्शु अगदी समोर, आता पोहोचलोच असा दिसतो. ‘हा’ दरवाज्यातून गेल्यावर वाट एकदम उलटी फिरते आणि शत्रूची पाठ तेन्शुकडे होते. आणखी पुढे, ‘हो’ दरवाज्यापलीकडे, वाट चक्क उतरू लागते. वर चढून जायचे असताना खाली जाणारी वाट पाहून नवखा माणूस आपण चुकलो असे समजणार आणि बिचकणार, तेवढ्यात वरून मारा होणार. रायगडाच्या महादरवाज्याची गोमुखी बांधणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा विचार नवा नाही. दोन बुरुजांच्या आड दरवाजा लपवण्याऐवजी इथे सगळी वाटच लपवली आहे, इतकाच फरक.

‘नि’ दरवाज्यापाशी मुद्दाम मान वर करून पाहावे. छत अंगावर येईल इतके खाली, प्रकाश कमी, आणि वरच्या खोलीतून खाली भाले खुपसता येतील अशी योजना. याच दरवाज्याच्या छपरावरच्या कौलांत क्रुसाची खूण असलेले एक कौल आहे. ख्रिस्ती झालेल्या कुरोदा कानबेईशी तिचा संबंध जोडला जातो, पण तो तर्कच आहे. ‘हो’ दरवाजा तर लोखंडी पत्र्याने मढवलेली दिंडीच आहे, उंच माणसाला वाकूनच जावे लागते. तिच्याजवळची पिवळसर तपकिरी भिंत बाकीच्या पांढऱ्या भिंतींत उठून दिसते. मातीचे थर ठोकून ठोकून केलेली ही भिंत हिदेयोशीच्या काळातली मानतात.

वाटेभर भिंतींत गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभ्या आयताकृती जंग्या आहेत. पहिल्या तीन आकारांच्या बंदुकीसाठी, उभ्या आयताच्या धनुष्यबाणासाठी. गुडघ्यावर बसून एका जंगीतून जरूर पाहावे. बाहेरून फटीएवढे दिसणारे भोक आतून फाकलेले असते, म्हणून बंदूकधाऱ्याला नळी हवी तशी वळवता येते आणि समोरची वाट, आपण नुकतीच चढून आलो तीच, पट्ट्यात येते. त्या क्षणी किल्ल्याचा नकाशा डोक्यात पक्का बसतो.

दगडी बांधकामाकडेही लक्ष असू द्यावे. तटाचा पायथा तिरका आणि माथ्याकडे जवळजवळ उभा होत गेलेला आहे, त्यामुळे चढणाऱ्याला सुरुवात सोपी वाटते आणि शेवट अशक्य. दगड कमी पडत म्हणून जाती, दगडी दिवे, प्राचीन थडग्यांतल्या शवपेट्या असे जे सापडेल ते तटात चिणले आहे. वायव्येकडच्या छोट्या तेन्शुच्या पायथ्याला उंचावर जाळी लावलेला एक दगड दिसतो. हिदेयोशीला दगड मिळेनात तेव्हा एका गरीब म्हातारीने आपल्या जात्याचा दगड दिला, आणि ते ऐकून गावोगावचे लोक दगड घेऊन आले, अशी त्याची आख्यायिका आहे.

पांढरा रंग हा केवळ शोभेसाठी नाही. चुना, तागासारखे धागे आणि समुद्री शेवाळाची खळ एकत्र करून केलेला हा गिलावा लाकडाला आगीपासून वाचवतो, आणि तो कौलांच्या सांध्यांवरही चढवलेला असल्यामुळे छप्परे दुरून पांढरी दिसतात. ‘शुभ्र बगळ्याचा किल्ला’ हे लाडके नाव त्यावरून पडले.

7. निशिनोमारु वगळू नका

हिशी दरवाज्यातून डावीकडे वळले की हा भाग लागतो. सहलीबरोबर आलेले लोक तो हमखास टाळतात. इएयासुची नात सेनहिमे हिचे लग्न लहानपणीच हिदेयोशीच्या मुलाशी, हिदेयोरीशी झाले होते. 1615 मध्ये तिच्याच आजोबांच्या फौजांनी ओसाकाचा किल्ला जिंकला आणि हिदेयोरीने प्राण दिले. पुढच्या वर्षी तिचे दुसरे लग्न होंदा तादातोकीशी झाले आणि पुढे ती हिमेजीला आली. तिच्याबरोबर आलेल्या उत्पन्नातून हा भाग सजवला गेला, असे म्हणतात. इथला सुमारे 240 मीटरचा लाकडी ओसरीवजा बोळ आजही चालता येतो. एका बाजूला दासींच्या लहान खोल्या, दुसऱ्या बाजूला जंग्या आणि दगड टाकण्याचे झरोके. संसार आणि युद्ध यांच्यामध्ये एक पातळ भिंत एवढेच अंतर ठेवलेले दिसते. सेनहिमेचा मुलगा तीन वर्षांचा होऊन वारला, 1626 मध्ये नवराही गेला, आणि ती एदोला (आजच्या टोकियोला) परतून जोगीण झाली.

8. तेन्शुत काय पाहावे

बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा मजले आणि एक तळघर आहे. मोठ्या तेन्शुला तीन लहान तेन्शु आच्छादित मार्गांनी जोडलेले आहेत, म्हणजे मध्ये एक बंदिस्त चौक तयार होतो. जिने शिडीसारखे उभे आहेत. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना आणि तान्ह्या मुलांच्या आईवडिलांना मी खालच्या बिझेनमारु पटांगणात थांबण्याचाच सल्ला देईन. तिथून तेन्शु सर्वांत जवळून दिसतो, आणि ते काही कमी नाही. आत स्वच्छतागृह नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

आत गेल्यावर प्रदर्शन शोधू नये, सुतारकाम शोधावे. तळघरापासून वरच्या मजल्यांपर्यंत गेलेले दोन प्रचंड खांब, प्रत्येक सुमारे 25 मीटर उंच आणि पायाशी जवळपास मीटरभर जाड, सगळा भार पेलतात. त्यांना हात न लावता फक्त बुंध्याभोवती फिरावे. कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासल्याच्या खुणा, जोडांवरचे लोखंडी पट्टे, सगळे दिसते. पश्चिमेचा खांब कुजला होता म्हणून दुरुस्तीत बदलला. नवे लाकूड किसोच्या जंगलातून आणताना मोडले आणि शेवटी दोन झाडे जोडून खांब करावा लागला.

मधल्या मजल्यांवर भिंतीला भाले-बंदुका टांगण्याच्या खुंट्यांच्या रांगा, कोपऱ्यांत शिपायांनी दबा धरायच्या अंधाऱ्या खोल्या आणि उंच खिडक्यांपर्यंत पोहोचण्यासाठी बांधलेले कट्टे आहेत. सर्वांत वर ओसाकाबे या टेकडीच्या मूळ देवतेचे छोटे देऊळ आहे. इथे मात्र पर्यटकाने आवाज खाली ठेवावा, कारण जपानी माणसे नमस्कारासाठी खरोखर थांबतात. खिडकीतून दक्षिणेला पाहिले की स्टेशनकडे जाणारा सरळ रस्ता आणि ती नागमोडी वाट एकाच नजरेत येतात.

सुतार साकुराई गेन्बेई याने तेन्शु कललेला पाहून छिन्नी तोंडात धरून वरून उडी घेतली, अशी गोष्ट वाटाडे हमखास सांगतात. तिला इतिहासाचा आधार नाही. तेन्शु कलला होता हे मात्र खरे, आणि पायाचा भाग खचला होता हे दुरुस्तीच्या वेळी दिसून आले.

9. उतरताना आणि नंतर

बिझेनमारुतला वाडा 1882 च्या आगीत गेला. तिथून बाहेर पडताना बिझेन दरवाज्यालगत तटात उभी चिणलेली दगडी शवपेटी पाहावी. पुढे ओकिकुची विहीर लागते. दहा ताटांपैकी एक हरवल्याच्या आळावरून जीव गमावलेल्या दासीचा आवाज रात्री ताटे मोजताना येतो, अशी तिची प्रसिद्ध भुताची कथा आहे. नंतर ‘रु’ दरवाजा शोधावा. तटात बोगद्यासारखी ठेवलेली ही चोरवाट प्रसंगी दगडमातीने बुजवता येत असे.

तिकिटाच्या हद्दीबाहेर सान्नोमारु पटांगणात जुना पश्चिम खांब आडवा ठेवलेला आहे, आणि तो विनामूल्य पाहता येतो. वेळ उरलाच तर कोकोएनमध्ये तासभर घालवावा. ती बाग 1992 मधली आहे, जुनी नाही. लांबून पूर्ण किल्ल्याचे छायाचित्र हवे असेल तर पश्चिमेकडची ओतोकोयामा टेकडी चढावी. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून ती संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला अगदी चिकटवून ठेवू नये.